'क्षुधित पाषाण' वाचण्याआधी आणि वाचल्यानंतर: ठाण्याच्या आमच्या वाचनगटात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

रवींद्रनाथ ठाकुरांची 'क्षुधित पाषाण' ही कथा आम्ही गटात दरवर्षी घेतो. नौपाड्यातले जुने सभासद असतात, तसे कळवा-ऐरोलीहून पहिल्यांदाच आलेलेही असतात, आणि चर्चा संपली तरी जिन्यात प्रश्न चालूच राहतात. त्यांतले जे नेहमी येतात, ते इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत. उत्तरं माझी आहेत. तुमचं मत वेगळं असेल तर बैठकीत जरूर मांडा.

कथा नेमकी आहे तरी काय?

दुर्गापूजेच्या सुट्टीत फिरून कलकत्त्याला परतणारे दोन नातेवाईक. गाडीत त्यांना एक बाबू भेटतो. त्याला जगातलं सगळं ठाऊक असतं. राजकारणावर तो बोलतो, विज्ञानावर बोलतो, मध्येच वेदातलं काही म्हणतो आणि लगेच फारसी शेर. रात्री साडेदहाला एका जंक्शनवर उतरून पुढची गाडी पकडायची असते, ती उशिरा येणार असं कळतं. वेटिंग रूममध्ये हा बाबू आपली हकीकत सांगायला बसतो.

निजामाच्या राज्यात बरीच नावाच्या गावी तो कापसावरची जकात वसूल करणारा अधिकारी होता. ठाणेकरांना हे खातं समजावून सांगायला नको. चेकनाक्यावरच्या जकातीच्या रांगा आपण पाहिल्या आहेत. शुस्ता नदीच्या काठी दीडशे पायऱ्यांचा घाट, त्यावर पांढऱ्या दगडाचा एकाकी महाल. अडीचशे वर्षांपूर्वी कुणा शहाने विलासासाठी बांधलेला. कचेरीतला म्हातारा कारकून करीम खाँ बजावतो, दिवसा राहा, रात्र काढू नका. बाबू ऐकत नाही. मग संध्याकाळी घाटावर न दिसणारी पावलं धावत उतरतात, बंद दालनांत अत्तर दरवळतं, आणि एक अरब दासी खूण करून त्याला आत आत नेते.

शेवट आधी कळला तर वाचण्यात काय राम उरला?

पुष्कळ उरतो. या कथेत दडवलेलं रहस्य शेवटी उलगडत नाही, कारण उलगडायच्या आतच गाडी येते. ती येते हे मी इथेच सांगून टाकतो. आमच्यातले कित्येक जण चौथ्या-पाचव्यांदा वाचतात आणि तरी घाटाच्या पायऱ्यांवर त्यांचा श्वास अडकतो.

मग भूत खरं की खोटं? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात सांगता येत असतं तर ही कथा सव्वाशे वर्षांनंतर आपण वाचत बसलो नसतो. पण प्रश्न टाळत नाही. दोन्ही बाजूंचा पुरावा मांडून पाहू.

खोटं मानायचं तर आधार भक्कम आहे. जे काही घडतं त्याला बाबूखेरीज एकही साक्षीदार नाही. नोकर अंधार पडायच्या आत निघून जातात. करीम खाँ सांगतो ते ऐकीव. सगळ्यात तपशीलवार प्रसंग, म्हणजे दासीमागून अंधाऱ्या वाटांनी जाणं, निळ्या पडद्याबाहेर डुलक्या घेणारा हबशी खोजा (जनानखान्याचा नपुंसक पहारेकरी), त्याच्या मांडीवरची नागवी तलवार फरशीवर खणकन पडणं, हा सगळा बाबू घामाने चिंब होऊन खाटेवर जागा होतो तिथे संपतो. म्हणजे स्वप्न. त्याची साहेबी टोपी आणि कोट कुणीतरी ओढून नेतं, तेही वावटळीत. वावटळीला भूत लागत नाही.

खरं मानायचं तर? हाती धरावी अशी एकही वस्तू नाही. पण ओढ आहे. बाबू स्वतः दिवसाउजेडी ठरवतो की आता कचेरीतच मुक्काम करायचा, सामान हलवतो, आणि संध्याकाळ होताच टमटम जोडून महालाकडे निघतो. ओढतं कोण, हे लेखक सांगत नाही. शिवाय महालाभोवती रोज पहाटे फिरणारा मेहेर अली आहेच. या माणसाचंही कधीतरी असंच झालं होतं, आणि ते बाबूच्या स्वप्नाने समजावून सांगता येत नाही.

आता एक बारकावा पाहा, जो पहिल्या वाचनात सहसा निसटतो. करीम खाँ म्हणतो, त्या महालात तीन रात्री काढलेल्यांपैकी फक्त मेहेर अली बाहेर आला, तोही वेडा होऊन. बाकी कुणीच सुटलं नाही. पण हे आपल्याला सांगणारा बाबू तर धडधाकट, तल्लख, वेटिंग रूममध्ये आपल्यासमोर बसलाय! त्याने तीनच काय, कितीतरी रात्री तिथे काढल्या. म्हणजे एक तर सुटकेचा जो एकमेव, अतिशय कठीण उपाय करीम खाँ सांगणार होता तो त्याने केला आणि तो लागू पडला, किंवा सगळी हकीकतच रचलेली. तो उपाय काय हे सांगायच्या क्षणीच हमाल ओरडतात, गाडी आली. ठाकुरांनी कात्री कुठे चालवली ते बघा. जिथे निकाल लागला असता, नेमकं तिथेच.

म्हणजे बाबू थापाड्या आहे?

तसं मानायला लेखकाने भरपूर वाव ठेवलाय. सुरुवातीलाच तो सर्वज्ञ म्हणून येतो, आणि सर्वज्ञ माणसाच्या गोष्टीकडे आपण जरा सावधपणेच पाहतो. शेवटी पहिल्या वर्गाच्या डब्यातून झोपेतून उठलेला एक इंग्रज डोकावतो, त्याला ओळखून हाक मारतो आणि आपल्या डब्यात घेतो. आपले दोघे दुसऱ्या वर्गात. हा माणूस होता कोण, हे कधीच कळत नाही.

तरी मला तो निव्वळ थापाड्या वाटत नाही. थाप मारणारा स्वतःला शूर दाखवतो. हा तर स्वतःची लाज सांगतो: दिवसा खातेवही लिहिणारा आपण रात्री कसे झब्बा-चोगा घालून, अत्तर लावून, गुलाबपाण्याचा हुक्का ओढत कुणाचीतरी वाट पाहत बसायचो. ही कबुली रचायची झाली तर फार मोठा कलावंत हवा. तो तसा असूही शकेल. इथे मी थांबतो, कारण कथाही इथेच थांबते.

मेहेर अली जे ओरडतो त्याचा अर्थ काय?

'तफात जाओ! सब झूट है!' दूर व्हा, सगळं खोटं आहे. रोज पहाटे, महालाला प्रदक्षिणा घालत.

अर्थाचा वाद आमच्याकडे हमखास रंगतो. काय खोटं? रात्रीचा भास खोटा, असं बहुतेकांना वाटतं. पण ही हाक येते पहाटे, बाबू शुद्धीवर येऊन टोपी घालून कचेरीला जायच्या वेळी. मग ती नोकरी, तो हिशेब, तो पगारही त्यात आला का? बाबूने स्वतःच सांगितलंय की रात्री त्याला आपलं दिवसाचं कारकुनी आयुष्यच थोतांड वाटायचं. वादळी रात्रीनंतर तो धावत जाऊन मेहेर अलीला विचारतो, काय खोटं आहे? मेहेर अली उत्तर देत नाही. त्याला ढकलून देतो आणि फिरत राहतो. माझ्या मते पूर्ण कथेतला सर्वांत भयंकर क्षण हाच. अरब दासी, खोजा, तलवार यांपैकी कशानेही माझ्या अंगावर इतका काटा येत नाही.

शेवट असा अर्धवट का तोडला? वाचकाला फसवल्यासारखं वाटतं.

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि तो राग मला समजतो. सुटकेचा उपाय सांगण्याआधी करीम खाँ त्या महालातल्या एका इराणी दासीची कहाणी सांगू लागतो, आणि ती सुरू होते न होते तोच गाडी लागते. पण कथा तिथे संपत नाही. त्यानंतर अगदी थोडा मजकूर आहे, जो वाचक रागाच्या भरात वाचतच नाहीत.

बाबू गेल्यावर 'मी' म्हणणारा निवेदक म्हणतो, त्याने आपल्याला मूर्ख ठरवून गंमत केली, गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत बनावट. त्याचा नातेवाईक थिऑसॉफिस्ट, त्याला हे मान्य नाही. आणि या वादावरून दोघांची जन्माची ताटातूट होते. कथा इथे संपते.

मला ही कथा इतकी का आवडते त्याचं कारण या शेवटच्या वाक्यात आहे. महाल दूर राहिला, बाबू निघून गेला, भूत असलं तर तेही तिकडेच राहिलं. वेटिंग रूममध्ये उरली दोन साधी माणसं. एक म्हणतो सगळं खोटं, दुसरा म्हणतो सगळं खरं, आणि दोघंही निकालाला इतके हट्टाने चिकटतात की नातं तुटतं. पाषाणाची भूक वेटिंग रूमपर्यंत पोहोचली, असंही कुणाला म्हणता येईल. मी इतकंच म्हणतो की ठाकुरांनी वाचकाच्या दोन जाती कथेतच बसवून ठेवल्या आणि त्यांचं काय होतं ते दाखवलं. अनिश्चित राहणं त्या दोघांना जमलं नाही. ते आपल्याला जमतं का, याची परीक्षा ही कथा घेते. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने 1970 साली अशा कथांचा सिद्धान्त मांडला: नैसर्गिक कारण की अलौकिक, यांत वाचक घुटमळतो तेवढाच काळ ही जात जिवंत असते, निकाल लागला की ती दुसऱ्या जातीत जाते. 'क्षुधित पाषाण' 1895 ची आहे. सिद्धान्त यायच्या पाऊणशे वर्षं आधी तिने त्यापुढचं पाऊल टाकलं होतं.

थिऑसॉफिस्ट म्हणजे कोण? कथेत त्याचं काय काम?

थिऑसॉफिकल सोसायटी 1875 साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. मादाम ब्लाव्हात्स्की आणि कर्नल ऑल्कॉट 1879 मध्ये मुंबईत आले आणि पुढे मद्रासजवळच्या अड्यारला गेले. गूढ शक्ती, सूक्ष्म देह, पूर्वेचं प्राचीन ज्ञान यांची त्या काळच्या शिकलेल्या हिंदी माणसांवर मोठी मोहिनी होती. म्हणून हा नातेवाईक अडाणी, भाबडा म्हणून रंगवलेला नाही. तोही सुशिक्षितच आहे. विश्वास आणि संशय दोन्ही इंग्रजी शिकलेल्या एकाच घरात राहतात, हे ठाकुरांना दाखवायचं असावं.

हा महाल खरोखर कुठे आहे का? जाऊन पाहता येईल?

बरीच आणि शुस्ता नकाशावर शोधू नका. निजामाचं राज्य म्हणायचं आणि डोंगराचं नाव अरवलीच्या जवळ जाणारं, अशी सरमिसळ करून कथेतला भूगोल रचला आहे.

पण त्यामागे एक खरी वास्तू आहे: अहमदाबादचा शाहीबाग महाल. सतराव्या शतकात, शहाजहान शाहजादा असताना गुजरातचा सुभेदार होता, त्या काळात तो साबरमतीकाठी उभा राहिला. 1878 मध्ये सत्येंद्रनाथ ठाकुर, आय.सी.एस. मध्ये गेलेले पहिले हिंदी गृहस्थ, अहमदाबादला न्यायाधीश होते आणि या महालात राहत. विलायतेला जाण्याआधी त्यांचे सतरा वर्षांचे धाकटे भाऊ रवींद्रनाथ त्यांच्याकडे आले. दादा कोर्टात गेले की एवढ्या मोठ्या वास्तूत मुलगा एकटा. या कथेची पहिली चाहूल तिथे लागली, असं त्यांनी म्हातारपणी बालपणाच्या आठवणींत लिहून ठेवलं. चाहूल आणि कथा यांत सतरा वर्षं गेली. आज तिथे सरदार पटेलांचं स्मारक आहे, तेव्हा पाहायला जाता येतं.

इथे मराठी वाचकाने थोडं रेंगाळावं असा धागा आहे. अहमदाबादहून रवींद्रनाथ मुंबईला आले ते प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी, इंग्रजी बोलणं-चालणं शिकायला. शिकवलं त्यांच्या कन्या अन्नपूर्णा यांनी. रवींद्रनाथांनी त्यांना 'नलिनी' हे नाव दिलं होतं. म्हणजे एकाच वर्षात ओसाड महालातला एकांत आणि पाठोपाठ एका हुशार तरुणीचा सहवास. यावरून महालातली ती स्त्री कोण, असले तर्क मात्र मी करत नाही. कुणी केले तर बैठकीत थांबवतो, कारण त्याला आधार नाही.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत अशी एखादी जागा आहे का, जिथे जाऊन ही कथा वाचावी?

भुताटकीच्या जागांची यादी करायला माझा विरोध आहे. एखाद्या बंद बंगल्याला तसं नाव पडलं की तिथल्या माणसांचं जगणं अवघड होतं.

पण दगड काही साठवून ठेवतात का, हा प्रश्न ठाण्यात विचारण्यासारखा आहे. मध्यवर्ती कारागृह म्हणजे मूळचा पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. 1737 मध्ये तो मराठ्यांकडे आला, 1774 मध्ये इंग्रजांकडे. 19 एप्रिल 1910 रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथे फाशी दिलं. त्या भिंतीजवळून जाताना ज्याला हे ठाऊक आहे त्याची चाल बदलते. तिथे कुणी दिसावं लागत नाही, माहिती पुरते.

ठाकुरांच्या महालात मात्र अशी एकही तारीख नाही. कोण मेलं, कधी, कशाने, काही नाही. करीम खाँ बोलतो ते अतृप्त वासनांबद्दल, जळलेल्या मनांबद्दल. त्यांच्या शापाने दगड न् दगड भुकेला झालाय म्हणतो. इतिहास इतका पुसट असल्यामुळेच बाबू त्यात स्वतःची भूक ओतू शकतो. आपल्या तुरुंगाच्या भिंतीत ती सोय नाही, आणि ते योग्यच आहे.

वाचायला जागा हवी असेल तर ठाणे स्थानकातला फलाटावरचा बाक सर्वांत चांगला. गाडी उशिरा असताना. कथा तिथेच सांगितली गेलीय. शिवाय 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथेच येऊन थांबली. अनोळखी माणसाची हकीकत ऐकत गाडीची वाट पाहण्याची सवय या गावाला फार जुनी आहे.

त्या स्त्रीचं काय होतं?

आपल्याला कळत नाही. एका मध्यरात्री बाबूला पलंगाखालून, जमिनीखालून हुंदके ऐकू येतात: मला बाहेर काढ, ही कठीण माया फोडून ने. तो कल्पना करत राहतो, ती कुठल्या खजुराच्या बनात जन्मली, तिला कुणी पळवलं, कुठल्या बाजारात विकलं. त्याची कल्पना सुंदर आहे, पण सोडवायला तो काही करत नाही. गटातल्या एका ताईंनी हे लक्षात आणून दिलं, तेव्हापासून मी हा भाग वेगळ्या कानाने ऐकतो.

मुसलमानी महाल, खोजे, दासी, विलास... हे साचेबंद नाही का?

काही अंशी आहे. अरबी सुरस कथांचा रंग उघड दिसतो आणि बाबूच तो उधळतो. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कथेत शहाणपणाने बोलणारा आणि सावध करणारा एकमेव माणूस करीम खाँ आहे. आणि विलासाच्या चित्राखाली विकत आणलेल्या बायकांचं रडणं ठाकुरांनी झाकलेलं नाही. आक्षेप मात्र घ्यावा. त्याने कथा लहान होत नाही.

कपड्यांवर एवढा भर का?

कारण बाबू कोण आहे हे कपडेच ठरवतात. सोला हॅट, म्हणजे ती साहेबी टोपी, आणि कोट म्हणजे सरकारी माणूस, आकडे, कामाचा उजेड. चोगा आणि मखमली टोपी म्हणजे दुसरा कुणीतरी. ज्या संध्याकाळी वावटळ हॅट आणि कोट उडवून नेते, त्यानंतर तो ते पुन्हा कधीच घालत नाही. कथेचा तोल तिथे कलतो. वाचताना त्या परिच्छेदावर खूण करून ठेवा.

'लेकिन' पाहिलाय. तीच गोष्ट ना?

गुलजारांचा 1991 चा 'लेकिन' हा हिंदी चित्रपट या कथेवर सैलपणे आधारलेला आहे. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, निर्मिती लताबाईंची, त्यामुळे मराठी घरांत तो आवडीने पाहिला गेला. तपन सिन्हांचा बंगाली चित्रपट 1960 चा, त्यात सौमित्र चॅटर्जींचा अभिनय आणि अली अकबर खाँ यांचं संगीत. 'लेकिन' मध्ये ती स्त्री खरी, तिची कहाणी पूर्ण आणि तिची सुटकाही कथेचा विषय. मूळ कथेत यातलं काहीच ठाम नाही. आधी कथा वाचा, मग चित्रपट पाहा. उलट केलंत तर चित्रपटातल्या त्या स्त्रीचा, रेवाचा, चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही.

कुठल्या भाषेत वाचावी? गटात मोठ्याने वाचली तर चालते का?

बंगाली येत असेल तर बंगालीतच. नाहीतर मराठी अनुवाद घ्या. इंग्रजी भाषांतर 1916 च्या संग्रहात आलं, पण घाटावरच्या पावलांचा नाद मराठीत जास्त जवळ येतो, बंगालीतले कितीतरी शब्द आपल्या ओळखीचे असल्यामुळे. रवींद्रनाथ 1941 मध्ये गेले आणि त्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क 2001 अखेर संपला. मूळ कथा वाचायला, छापायला मोकळी आहे. अनुवादकाचा हक्क मात्र वेगळा असतो. अनुवादाच्या पानांच्या झेरॉक्स वाटू नका, ग्रंथालयातून पुस्तक आणा.

मुलांना आणलं तर चालेल?

आठवी-नववीच्या पुढची असतील तर जरूर. भीती फारशी वाटत नाही. लहान मुलांना बहुधा कंटाळा येतो.

पहिल्यांदा येताना काय तयारी करून यावी?

एकदा वाचून या, शक्य झालं तर एकाच बैठकीत आणि संध्याकाळी. आल्यावर तुमचा निकाल काय, हे आम्ही विचारणार नाही. बाबूच्या कुठल्या वाक्यावर तुमचा विश्वास बसला आणि कुठल्या वाक्यावर उडाला, ती दोन वाक्यं मात्र पेन्सिलीने खूण करून आणा. चर्चा तिथून सुरू होते.